गाणं पाठवलं आणि नवरा गप्प झाला

प्रश्न: ताई, लग्नाला अकरा वर्षं झाली. नवरा आणि मी लालबागच्या एकाच चाळीत वाढलो, गॅलरीत भातुकली मांडायचो आणि हा सगळे चुरमुरे खाऊन पळून जायचा. मी लहानपणापासून अरुण दातेंची फॅन, रोज मुलुंडहून ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तीच प्लेलिस्ट, आणि खरं सांगू का, घरी भांडण झालं की त्या दिवशी कुठलं तरी गाणं बरोब्बर आमच्यावरच लिहिलंय असं वाटतं. तर लग्नाच्या वाढदिवसाला मी त्याला ‘भातुकलीच्या खेळामधली’ पाठवलं, खाली एक हार्ट. रिप्लाय आला ‘ओके’. रात्री गुपचूप जेवला, स्वतःचं ताट घासलं (हा कधी घासत नाही) आणि तिसऱ्या दिवशी विचारतो काय, तर "आपलं काय मोडलंय?" मी म्हटलं अरे, चाळीची आठवण म्हणून पाठवलं, तर म्हणे तू ते गाणं नीट ऐकलंयस का कधी! मला लागलेला अर्थ चुकीचा का? – एक वाचक, मुलुंड

उत्तर: अगं सॉरी, आधी हसूच आलं. ते गाणं, लग्नाच्या वाढदिवसाला! त्यातल्या राजा-राणीचा डाव अर्ध्यावरच मोडतो ना गं. तू ‘भातुकली’ या शब्दापाशीच थांबलीस, तिथेच तुझी गॅलरी आली, चुरमुरे आले, त्याने मात्र शेवटपर्यंत ऐकलं. यात नवऱ्याला पैकीच्या पैकी मार्क. संगीतकार यशवंत देव खूश झाले असते त्याच्यावर, कारण त्यांचं सगळं म्हणणंच ‘शब्दप्रधान गायकी’, आधी शब्दांचा अर्थ मग चाल, त्या नावाचं पुस्तकच आहे त्यांचं.

तुझंही फार चुकलं नाही म्हणा. दातेंचा आवाजच इतका मऊ की माणूस ताटातुटीचं गातोय हे भांडी घासताना लक्षातही येत नाही. माझी आई मला हेच गाणं म्हणून झोपवायची, आणि कॉलेजात असताना एकदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसले होते, पलीकडच्या टपरीवर रेडिओला हेच लागलं आणि मी ढसाढसा रडले. चाल तीच, शब्द तेच, मधे फक्त एक मुलगा येऊन गेला होता.

आता ते ‘आमच्यावरच लिहिलंय’. लिहिलं मंगेश पाडगावकरांनी, चाल देवांची, गायलं इंदूरच्या एका टेक्सटाईल इंजिनिअरने, यातल्या कुणालाच तुमची चाळ माहीत नव्हती. पाडगावकर २०१५ला गेले, दाते आणि देव दोघेही २०१८ला, म्हणजे विचारायचीही सोय नाही. आणि याच तिघांचं ‘या जन्मावर, या जगण्यावर’ पण आहे, ते भांडणाच्या दिवशी का नाही गं तुमच्यावर लिहिलेलं वाटत? प्लेलिस्टमध्ये असेलच की. त्या दिवशी तू कुठलं गाणं परत परत लावतेस आणि कुठलं स्किप करतेस ते जरा बघ, दातेंपेक्षा तुझाच मूड जास्त कळेल त्यातून.

पण मला खरी काळजी वाटते त्या तीन दिवसांची. तू आठवण पाठवलीस आणि त्याला धमकी ऐकू आली. असं एका गाण्याने होत नाही गं, काहीतरी मोडतंय ही धाकधूक त्याच्या पोटात आधीपासून असणार, पाडगावकरांनी फक्त तिच्यावर बोट ठेवलं. म्हणून गाण्याचा अर्थ कुणाचा बरोबर यावर वाद घालत बसू नकोस, त्यात तो जिंकेल आणि परत ताट घासायला उठेल. रविवारी दुपारी एक एक इअरफोन कानात घालून दोघांनी ते गाणं अख्खं ऐका आणि मग विचार त्याला, कुठल्या ओळीला पोटात गोळा आला? लगेच उत्तर नाही येणार, थांब जरा. मधे तू बोलू नकोस (बोलशील, मला माहितीये).

आणि पुढच्या वर्षी ‘शुक्रतारा’ पाठव, त्यात सुधा मल्होत्रापण आहेत, निदान दोघं मिळून गातात तरी. चुरमुऱ्यांचं मात्र तुझ्या तोंडाने सांग, त्यावर अजून कुणी गाणं केलेलं नाही.