संख्याशास्त्र घ्यावं की नाही? प्रवेशाआधीचे काही प्रश्न

प्रवेशाचे दिवस जवळ आले की येणाऱ्या पत्रांतला मजकूर मला न उघडताच सांगता येतो. कोणाच्या तरी मामेभावाने सांगितलेलं असतं की संख्याशास्त्र म्हणजे सोपं गणित. कोणाला क्लासवाल्याने पटवलेलं असतं की हा विषय आता जुना झाला. विद्यापीठाचा अभ्यासक्रम मात्र बहुतेकांनी उघडून पाहिलेला नसतो. (बहुतेक म्हणजे किती, ते मोजलेलं नाही, म्हणून आकडा देत नाही.) वारंवार येणारे प्रश्न या वेळी एकत्रच घेते.

प्रश्न: सरासरी, मध्यक, बहुलक, आलेख या धड्यांत मला शाळेत नेहमी पूर्ण गुण मिळाले. गणित मात्र नकोसं वाटतं. संख्याशास्त्र घेतलं तर चालेल ना?

उत्तर: ज्या धड्यांत तुम्हाला गुण मिळाले ते इथे पहिल्या एक-दोन आठवड्यांत संपतात. पुढे संभाव्यता, कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स. दुहेरी इंटिग्रेशन आल्याशिवाय दोन चलांचं संयुक्त वितरण हाताळता येत नाही आणि मॅट्रिक्सशिवाय रिग्रेशन, म्हणजे एका आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधणं, दोन पावलं पुढे जात नाही.

पण 'नकोसं वाटतं' याचे दोन अर्थ होतात. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर बिनधास्त या, मलाही येतो. 'असं का?' या प्रश्नाचाच कंटाळा असेल तर मात्र कठीण आहे. कोणता कंटाळा आहे ते घरबसल्या तपासता येईल.

शाळेत प्रचरण काढताना तुम्ही सरासरीपासूनच्या अंतरांचे वर्ग केलेत, बेरीज केलीत आणि जितके आकडे तितक्याने भागलंत. विद्यापीठात आल्यावर, हातात नमुना असेल तर एक कमी करून भागा, असं सांगतात. का? एका डब्यात दोन चिठ्ठ्या ठेवा, एकीवर ० आणि दुसरीवर २. सरासरी १, प्रचरणही १. आता एक चिठ्ठी काढा, आकडा लिहा, परत टाका आणि पुन्हा एक काढा. शक्यता चार, चारही सारख्याच संभवाच्या: ०-०, ०-२, २-०, २-२. प्रत्येक जोडीचं तिच्या स्वतःच्या सरासरीभोवतीचं प्रचरण दोनने भागून काढा. ०, १, १, ० असं येईल. या चारांची सरासरी अर्धा. खरं उत्तर तर १ होतं! आता दोनऐवजी एकने भागा: ०, २, २, ०. सरासरी नेमकी १. नमुना स्वतःच्याच सरासरीला चिकटून बसतो, म्हणून पसारा आहे त्यापेक्षा कमी दाखवतो. एक कमी करून भागलं की तो कमीपणा भरून निघतो.

वाचताना कागद ओढावासा वाटला, 'तीनदा चिठ्ठी काढली तर?' असं मनात आलं, तर हा विषय तुमचा आहे. नजर खालच्या प्रश्नाकडे सरकली असेल तर घाई करू नका. अर्थात एका उदाहरणावरून निकाल लावणं माझ्याच विषयात बसत नाही. ज्यांनी तुमच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्या गणिताच्या शिक्षकांशी बोला.

प्रश्न: आधी प्रोग्रामिंग यायलाच हवं का?

उत्तर: नाही. आर किंवा पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषा तिथे शिकवतात.

प्रश्न: आमच्या मुलीला या विषयाची आवड आहे. मुलींना हा विषय झेपतो का?

उत्तर: हो. हेलन वॉकर १९४४ साली अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या अध्यक्ष होत्या. त्यानंतर तरी हा प्रश्न बंद व्हायला हवा होता.

प्रश्न: गणित घ्यावं की संख्याशास्त्र? पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम जवळजवळ सारखाच दिसतो.

उत्तर: अभ्यासक्रम पाहिलात, आभार. पहिलं वर्ष खरंच सारखं असतं. फरक पुढे पडतो. गणितात गृहीतक दिलेलं असतं, तुम्ही तिथून चालायला लागता. आमच्याकडे गृहीतक खरं आहे का, हेच अर्धं काम.

ब्रिटनमध्ये १९९९ साली दोन तान्ह्या मुलांच्या मृत्यूबद्दल त्यांच्या आईवर खटला चालला. अशा कुटुंबात अचानक बालमृत्यू होण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक, म्हणून दोनदा होण्याची सुमारे ७.३ कोटींत एक, असं एका डॉक्टरांनी साक्षीत सांगितलं. गुणाकार अगदी बरोबर होता. पण गुणाकार करायचा तर दोन्ही घटना एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, आणि एकाच घरातली, एकाच आईवडिलांची भावंडं स्वतंत्र कशी? शिवाय तो आकडा म्हणजे आई निर्दोष असण्याची शक्यता नव्हे. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः पुढे न आणलेल्या वैद्यकीय अहवालामुळे, पण अपील न्यायालयाने त्या आकड्यावरही बोट ठेवलं.

'गुणाकार बरोबर आहे ना?' एवढ्यावर तुमचं समाधान होत असेल तर गणितात सुखी व्हाल. 'पण गुणायचं का?' असं वाटलं तर आमच्याकडे या. अजूनही ठरत नसेल तर पहिल्या वर्षानंतर बाजू बदलता येते का, हे विभागाला लेखी विचारून ठेवा. सगळीकडे येत नाही.

प्रश्न: एक जाहिरात पाहिली: 'तीन महिन्यांत डेटा सायंटिस्ट, १०० टक्के प्लेसमेंट.' मग तीच नोकरी मिळवायला पदवीत इतकी वर्षं कशाला घालवायची?

उत्तर: बरं झालं विचारलंत. आधी जाहिरातच तपासू. १०० टक्के, पण कशाचे? बारीक अक्षरांत बहुधा 'पात्र विद्यार्थ्यांचे' असं असतं. पात्र कोण? ज्यांनी सगळ्या चाचण्या दिल्या, सगळे प्रकल्प पूर्ण केले आणि शेवटपर्यंत टिकले ते. मधेच सोडून गेलेले छेदातून गायब! छेद माझ्या हातात द्या, मी कुठल्याही वर्गाचा निकाल १०० टक्के लावून देते. त्याखाली ठळक अक्षरांत 'सरासरी पगार'. नऊ जणांना १० मिळाले आणि एकाला ११०, तर सरासरी येते २०. वीस मात्र कोणालाच मिळालेले नसतात. मध्यक विचारा, १० निघेल. तेव्हा दोन गोष्टी लेखी मागा: किती जणांनी प्रवेश घेतला, आणि त्या सगळ्यांमधला मध्यक पगार किती. 'आमच्या काउन्सेलरशी फोनवर बोला' असं उत्तर आलं तर उत्तर मिळालं असं समजा.

आता मूळ मुद्दा. तीन महिन्यांत सॉफ्टवेअर चालवता येतं, आकर्षक आलेख काढता येतात, मॉडेल 'फिट' करता येतं. त्यात वाईट काही नाही. पण समोरचे आकडे आले कुठून, आणि त्यांच्यात कोण नाही, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत लिटररी डायजेस्ट या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. जवळपास २४ लाख भरून परत आल्या. आजही एवढा डेटा हाती आला तर लोक हरखून जातील. अंदाज निघाला की रूझवेल्ट यांचे प्रतिस्पर्धी लँडन आरामात जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. पत्ते गोळा केले होते टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदणीतून, आणि मंदीच्या काळात फोन आणि मोटार कोणाकडे होती? त्यातही ज्यांना रूझवेल्ट यांच्यावर राग होता त्यांनी उत्साहाने उत्तरं धाडली, बाकीच्यांनी पत्रं बाजूला टाकली. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडलं. त्या २४ लाख मतपत्रिका आजच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घाला, लँडनच निवडून येतील, आणि तेही मोठ्या आत्मविश्वासाने.

दुसरं उदाहरण. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये आकड्यांचे चार संच रचले, प्रत्येकात अकरा बिंदू. चारही संचांत आडव्या अक्षावरच्या आकड्यांची सरासरी ९, उभ्या अक्षावरच्यांची सुमारे ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२ आणि रिग्रेशनची रेषाही तीच. आलेख काढला की एकात ठीकठाक रेषा दिसते, दुसऱ्यात चक्क वक्र, तिसऱ्यात एक भरकटलेला बिंदू सगळी रेषा वाकडी करतो, आणि चौथ्यात दहा बिंदू एकाच उभ्या ओळीत, अकरावा एकटा लांब. बटण दाबणाऱ्याला चारही सारखेच. माझ्याकडे असे अहवाल येतात, शेवटी 'मॉडेलची अचूकता ९७ टक्के' असं लिहिलेलं. ज्या डेटावर शिकवलं त्याच डेटावर तपासलं का, असं विचारलं की समोर शांतता.

नमुना कसा निवडावा, प्रयोग कसा आखावा, गृहीतक कुठे मोडतं हे मुरायला वेळ लागतो. पदवीची वर्षं त्यातच जातात. कोणाकडे अभियांत्रिकी किंवा भौतिकशास्त्राची पदवी आधीच असेल तर छोटा कोर्स जरूर करावा, त्यांचा पाया झालेला असतो. तुमचा झालेला नाही. दोन्हीकडचे अभ्यासक्रम शेजारी ठेवा आणि ज्यांना त्यातून कमिशन मिळत नाही अशा कोणाला तरी दाखवा. पैसे त्यानंतर भरा.

प्रश्न: एआय आल्यावर संख्याशास्त्रज्ञांचं काय काम?

उत्तर: एआय चुकतो का, किती वेळा, आणि कोणाच्या बाबतीत जास्त, हे मोजणं. 'एआय सगळं खाऊन टाकणार' हे ज्यांच्याकडून ऐकलंत त्यांना हा आकडा विचारून पाहा.

प्रश्न: ॲक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचा हिशेब मांडणारी व्यक्ती, व्हायचं आहे. संख्याशास्त्राचीच पदवी लागते का?

उत्तर: नाही. गणित, अर्थशास्त्र, इतरही चालतात. खरी कसोटी त्या व्यवसायाच्या स्वतंत्र परीक्षांची आणि त्या पदवीनंतरही वर्षानुवर्षं चालतात. काही विद्यापीठांच्या पदवीमुळे त्यातल्या काही पेपरांतून सूट मिळते. कोणत्या, ते व्यावसायिक संस्थेच्या चालू नियमांत पाहा, सीनियरच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. नियम बदलतात.

प्रश्न: मला मानसशास्त्र मनापासून आवडतं, पण 'संशोधन करायचं तर संख्याशास्त्र हवं' असं सगळे म्हणतात. मुख्य विषय बदलू का?

उत्तर: नका बदलू. मनापासून आवडतो तोच मुख्य ठेवा आणि संख्याशास्त्र जोडविषय घ्या, निदान संभाव्यता, रिग्रेशन आणि प्रयोगांची आखणी एवढं तरी. आमचा विषय वाढलाच दुसऱ्यांच्या अंगणात. लहान नमुन्यांच्या सरासरींतला फरक तपासणारी टी-चाचणी १९०८ मध्ये प्रसिद्ध केली ती गिनेस या बिअर कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी, 'स्टुडंट' या टोपणनावाने. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी प्रयोगांच्या आखणीचं शास्त्र बांधलं ते इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्राच्या शेतांवर.

फक्त उशीर करू नका. प्रबंध द्यायला आठवडा राहिला असताना एक संशोधक माझ्याकडे फाइल घेऊन आले होते. दोन वर्षांचं काम. औषध घेतलेले सगळे रुग्ण एका वॉर्डातले, न घेतलेले दुसऱ्या. फरक औषधाचा की वॉर्डाचा, ते आता कोणीच सांगू शकत नाही. 'काही तरी टेस्ट लावून द्या ना,' म्हणाले. फिशर १९३८ च्या एका भाषणात म्हणाले होते की प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावणं म्हणजे बहुतेक वेळा शवविच्छेदन करायला सांगणं. मी त्या संशोधकांना चहा दिला, दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

प्रश्न: पदवीनंतर नोकरी नक्की मिळेल का?

उत्तर: 'नक्की' हा शब्द आमच्या विषयात नाही. मागणी कुठे असते ते सांगते: जनगणना आणि सर्वेक्षणं, विमा, बँका, कारखान्यांतलं गुणवत्ता नियंत्रण, औषधांच्या चाचण्या. औषधांच्या बाबतीत तर १९९८ च्या आयसीएच ई-९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे की संख्याशास्त्रीय कामाची जबाबदारी पात्र आणि अनुभवी संख्याशास्त्रज्ञाकडे असावी. मात्र बऱ्याच चांगल्या जागांना पदव्युत्तर शिक्षण लागतं, हे घरी आधीच बोलून ठेवा. ज्या विभागात जाणार आहात तिथून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांना गाठा, आणि फक्त माहितीपत्रकात फोटो असलेल्यांना नको.

प्रश्न: दोन वर्षं याच विचारात आहे. अर्जाची मुदत चार दिवसांनी संपते. काय करू?

उत्तर: आज विभागाला पत्र लिहून पहिल्या वर्षाच्या संभाव्यतेच्या पेपरची जुनी प्रश्नपत्रिका मागवा. उद्या तीन तास तिच्यासमोर बसा. गणितं सुटणार नाहीत, सुटायची अपेक्षाही नाही. तीन तासांनंतर एखादं अर्धवट राहिलेलं गणित डोक्यातून जात नसेल तर परवा प्रवेश सल्लागारांना भेटा आणि अर्ज भरा. चौथा दिवस सर्व्हर बंद पडण्यासाठी राखून ठेवा.