“मी बेस्ट आहे” म्हणून बरं का वाटत नाही?

प्रश्न: ताई, मी पुण्यात एमपीएससीची तयारी करतेय, पूर्व परीक्षेत दोनदा नापास झाले. अभ्यासाला बसलं की डोक्यात एकच, “तुझ्याच्याने होणार नाही.” मैत्रिणीने सांगितलं म्हणून रोज आरशासमोर “मी बेस्ट आहे” म्हणते, पण उलट रडूच येतं. माझंच काही चुकतंय का?

उत्तर: अगं, तुझं काहीच चुकत नाहीये, ते वाक्यच तुझ्या कामाचं नाही. कॅनडात २००९ साली मानसशास्त्रज्ञ जोआन वूड आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं होतं, ज्यांचा स्वतःवरचा विश्वास आधीच कमी होता त्यांना “मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे” असं परत परत म्हणून उलट जास्तच वाईट वाटलं, कारण मन लगेच वाद घालायला लागतं ना, “कशावरून?”

म्हणून मनाला खोडता येणार नाही असं काहीतरी बोल. “होणार नाही” आलं की वहीत लिही आणि पुढे लिही, “दोनदा राहिलं हे खरं, तिसऱ्यांदाही राहणारच हे कुणी ठरवलं? पॉलिटी (राज्यव्यवस्था) पक्कं झालंय, सीसॅट (आकलन आणि बुद्धिमत्तेचा पेपर) कच्चं आहे, आज एक उतारा सोडवते.” आणि हे स्वतःला नावाने हाक मारून बोल, मैत्रिणीला समजावतेस तसं. विचित्र वाटेल, पण असं बोलल्याने टेन्शनच्या वेळी थोडं लांबून बघता येतं, हे मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या अभ्यासात दिसलंय.

रडू थांबतच नसेल, झोप-जेवण उडालं असेल तर मात्र एकटीने झुंजत बसू नकोस गं, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.