आजीच्या गंभीर आजाराबद्दल पाच वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं?

शेवटची वेळ येईपर्यंत थांबू नका, आत्ताच सांगा. घरात काहीतरी बिनसलंय हे तिला कळलेलं असणारच. पोरांना कुजबुज बरोबर ऐकू येते.

‘आजी झोपी गेली’ किंवा ‘लांब गावाला गेली’ असलं काही सांगू नका. पाच वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं. मग रात्री झोपायला घाबरतं, नाहीतर रोज दाराकडे बघत बसतं. सरळ सांगा: ‘आजी खूप आजारी आहे. डॉक्टर प्रयत्न करताहेत, पण ती बहुतेक बरी होणार नाही.’ गेल्यावर ‘मेली’ म्हणायला जीभ रेटत नाही, मान्य. पण ‘तिचं शरीर काम करायचं थांबलं, आता ती परत येणार नाही’ एवढं तरी स्पष्ट हवं. या वयात मरण कायमचं असतं हे पुरतं उमगलेलं नसतं, म्हणून तोच प्रश्न दहादा येईल. दहादा तेच उत्तर द्या.

आणखी एक, मुलीनं विचारलं नाही तरी सांगा: ‘तू हट्ट केलास म्हणून आजी आजारी पडली नाही.’ लहान मुलं असला दोष गुपचूप स्वतःवर घेतात.

रडता रडता मध्येच खेळायला पळाली तर पळू दे. आणि तुम्हाला रडू आलं तर लपवू नका, का रडताय तेवढं तिला सांगा.