वर्गातल्या पोरांकडून एकाच लांब कागदावर मिळून चित्र पहिल्यांदाच करून घेताय ना ताई, मग एवढंच बघा

चाळीस पोरं आणि एक लांब कागद म्हटल्यावर धडकी भरणारच, मला पण भरलेली, पण घाबरू नका, फक्त पहिल्याच दिवशी ब्रश आणि पोस्टर कलर काढू नका. पॅकिंगच्या खाकी कागदाचा रोल घ्या, व्हरांड्यात पसरा, कडेला दगड ठेवा. सामान म्हणजे कोळसा, गेरू, खडू, तुटका कंगवा, नारळाची शेंडी, बास.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काय काढायचं ते सांगणं. "निसर्गचित्र काढा" म्हटलं की दोन डोंगर आणि मधून सूर्य, चाळीस वेळा! त्यापेक्षा पत्र्यावर पाऊस वाजतो तशा रेघा मारा म्हणा, उसाची ट्रॉली खड्ड्यातून जाते तशी रेघ ओढा म्हणा, मग बघा हात कसे सुटतात.

दुसरं :
- जागा वाटून देऊ नका, पोरं आपापला चौकोन धरून बसतात. तीन मिनिटांनी शिट्टी, सगळे दोन पावलं डावीकडं, आणि शेजाऱ्याच्या रेघेपासून पुढं सुरू.
- खोडरबर दप्तरातच राहूदे.
- तुम्ही स्वतः "सुधारायला" जाऊ नका (मी गेलेलो, एक पोरगी रुसून बसली ती बसलीच).

आणि सांगलीत आहात तर हळद वापराच की. पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा, मग कापसाच्या काडीनं कपड्याच्या साबणाच्या पाण्याची रेघ मारायला लावा, पिवळ्यावर लाल उमटते. डाग मात्र सहज जात नाहीत, जुने शर्ट आणायला सांगा.

ठसे, स्टेन्सिल वगैरे दिवाळीनंतर बघू.