सीटी स्कॅनच्या गँट्रीत काळी पूड का साचते आणि ती आवरायची कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळच्या एका छोट्या स्कॅन सेंटरमध्ये तुम्ही टेक्निशियन आहात. गँट्रीचं, म्हणजे पेशंट ज्या गोल भोकात सरकतो त्या भागाचं, कव्हर उघडलं की आत काजळीसारखी पूड दिसते. स्लिप रिंगच्या (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारी धातूची कडी) ब्रशचा सेट वर्षात दोनदा बदलावा लागला. इंजिनिअर म्हणतो समुद्राच्या हवेमुळे, मालक म्हणतात ब्रशच डुप्लिकेट. खरं कोणाचं, आणि पूड पूर्ण बंद करता येते का?

पूर्ण बंद होत नाही. कार्बनचा ब्रश फिरत्या धातूवर घासून वीज पोचवत असेल तिथे पूड पडणारच. घरच्या मिक्सरमध्येही ती पडते, आपण फक्त तो उघडून बघत नाही. मी अठरा वर्षं चिपळूण ते सावंतवाडी ही मशीनं उघडतोय, आणि तुमच्या वर्णनावरून मला दोघांच्याही उत्तरावर शंका आहे.

आधी थोडा हिशेब. 1980च्या दशकाच्या अखेरीपर्यंत सीटीची एक्स-रे सोडणारी ट्यूब केबलला बांधलेली असायची. एक फेरी झाली की थांबून उलटं फिरायचं, नाहीतर केबल गुंडाळली जायची. स्लिप रिंग आली आणि ट्यूब एकाच दिशेने कितीही वेळ फिरू लागली. रिंगचा व्यास सव्वा मीटरच्या आसपास धरला आणि फेरी अर्ध्या सेकंदाची, तर ब्रशखालून सेकंदाला साडेसात मीटरहून जास्त धातू सरकतो. दिवसभरात गँट्री दोन तास फिरली तर ब्रश पन्नासहून जास्त किलोमीटर घासला जातो. म्हणजे रोज जवळपास मालवणहून कुडाळला जाऊन परत. यातला बराचसा प्रवास फुकटचा असतो, कारण काही मशीनांत पेशंट बदलतानाही गँट्री फिरत राहते. मधल्या वेळेत ती थांबवायची सोय तुमच्या सेटिंगमध्ये आहे का, ते इंजिनिअरला विचारा. पूड कमी करायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

आता समुद्राच्या हवेचं. गंमत अशी की ग्रॅफाइटला थोडा ओलावा हवाच असतो. रिंगवर ग्रॅफाइट, ऑक्साइड आणि पाण्याचा अंश यांचा पातळ थर बसतो आणि ब्रश त्यावरून गुळगुळीत सरकतो. दुसऱ्या महायुद्धात खूप उंच उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश तिथल्या कोरड्या हवेत काही तासांत झिजून पूड व्हायचे. म्हणजे दमटपणामुळे ब्रश झिजतो असं सरसकट म्हणता येत नाही. दमटपणा बिघडवतो तो पडलेल्या पुडीला. कोरडी पूड खाली पडते, फिल्टरमध्ये जाते. ओली पूड चिकटते. ब्रश-होल्डरच्या खाचेत तिचा लगदा होतो, ब्रश अडकतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलू शकत नाही, ठिणग्या पडायला लागतात आणि ठिणग्यांनी ब्रश आणखी झिजतो. दोन रिंगांमधल्या इन्सुलेशनवर मीठ आणि कार्बन यांचा थर बसला की वीज तिथूनच वाट काढते. मालवण बंदरात ट्रॉलरचा अल्टरनेटर खोलणाऱ्या कुठल्याही वायरमनला विचारा, हाच लगदा तो नखाने खरवडून दाखवेल.

म्हणून पावसाळ्यात स्कॅन रूमचा एसी रात्री बंद करू नका. बिल वाचवायला बऱ्याच ठिकाणी बंद करतात, मला माहीत आहे. रात्रभर चिऱ्याच्या भिंती ओल धरतात, आणि सकाळी गँट्रीतल्या धातूवर ओलावा असतानाच वॉर्म-अप सुरू होतो. खोलीत एक साधा आर्द्रता-मापक टांगा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर आकडा लिहून ठेवा. मशीनच्या पुस्तिकेतल्या मर्यादेच्या वर दिसला तर मालकांना दाखवायला तुमच्याकडे कागद असेल.

पण वर्षात दोन सेट? नुसत्या ओलीने इतकं होत असलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. माझ्या मनात येतं ते सिलिकॉन.

काही वर्षांपूर्वी एका सेंटरमध्ये (नाव नको) जूनमध्ये ब्रश अचानक झिजायला लागले. नवा सेट टाकला, तोही तसाच गेला. मी स्प्रिंगचा दाब मोजला, रिंग तपासली, ब्रश अस्सल आहेत याची खात्री केली. सगळं ठीक. शेवटी चहा पिताना वॉचमन सहज बोलून गेला की मे महिन्यात गळती थांबवायला खिडक्यांना आणि एसीच्या भोकाला पांढरं सीलंट मारलं, आठवडाभर खोलीत व्हिनेगरसारखा वास होता. सिलिकॉनची वाफ ब्रशच्या टोकाशी पोचली की तिथल्या उष्णतेने आणि ठिणग्यांनी तिचे सिलिकाचे कण होतात, म्हणजे जवळपास बारीक वाळूच. ब्रश वाळूवर घासायला लागतो. आम्ही ते सीलंट खरवडून काढलं, खोली मोकळी सोडली, रिंग साफ करून नवा सेट टाकला, आणि झीज पुन्हा नेहमीसारखी झाली. टेबल कुरकुरतं म्हणून मारलेला सिलिकॉन स्प्रेही हाच उद्योग करतो. कोकणात पावसाच्या तोंडावर प्रत्येक घरात काहीतरी बुजवलं जातं, त्यामुळे हा प्रश्न मी आता सगळ्यात आधी विचारतो.

मालकांच्या संशयालाही थोडी जागा आहे. चुकीच्या ग्रेडचा ब्रश, किंवा स्प्रिंगचा दाब चुकीचा, यानेही पूड वाढते. दाब कमी असला तर ठिणगी, जास्त असला तर घर्षण. दोन्हीकडे नुकसानच.

साफसफाईबद्दल मात्र मी कडक आहे. ब्लोअर किंवा कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. ही पूड वीजवाहक आहे. हवा मारली की ती डिटेक्टरच्या (एक्स-रे टिपणाऱ्या भागाच्या) कार्डांवर जाऊन बसते, मग डेटा तुटल्याच्या एरर येतात आणि तुम्ही भलतीकडेच दोष शोधत बसता. घरगुती व्हॅक्यूमही नको, त्याच्या मागच्या झरोक्यातून बारीक पूड परत खोलीत येते. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा), अँटिस्टॅटिक नळीचा व्हॅक्यूम हवा. आणि कृपा करून रिंग चकचकीत करू नका. पितळी किंवा तांब्याच्या रिंगवरची कॉफीसारखी तपकिरी झाक म्हणजेच तो कामाचा थर. पॉलिश पेपरने तो काढला की नवा थर बसेपर्यंत ब्रश दुप्पट वेगाने झिजताना मी पाहिले आहेत. चांदीचा मुलामा असलेल्या रिंगचा रंग वेगळा असतो, तिथे कंपनी सांगेल तेच करावं.

कव्हर तुम्ही स्वतः उघडत असाल तर ते थांबवा. मेन स्विच बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही मिनिटं राहते, आणि शेकडो किलोचं फिरतं वजन ब्रेकवर उभं असतं. ते काम प्रशिक्षित इंजिनिअरचं. तुम्ही तो आल्यावर शेजारी उभं राहून दोन गोष्टी बघा. ब्रशजवळ पूड ओढून घेणारा पंखा आणि फिल्टर असेल तर तो शेवटचा कधी बदलला? एका ठिकाणी मला तो इतका गच्च भरलेला मिळाला की पंखा नुसता आवाज करत होता. आणि प्रत्येक ब्रशची उरलेली लांबी मिलिमीटरमध्ये त्याच्याकडून लिहून घ्या, त्या दिवशीच्या स्कॅनच्या मोजणीसकट. सगळे ब्रश सारखे झिजलेले दिसले तर कारण हवेत किंवा ब्रशच्या ग्रेडमध्ये शोधा. एखादाच झिजला असेल तर त्या होल्डरमध्ये किंवा त्याच्या स्प्रिंगमध्ये.

पण इंजिनिअरला फोन करण्याआधी खोलीत एक चक्कर मारा आणि खिडक्यांच्या कडा बघा.