सगळं ऑनलाइन येत असताना पारंपरिक ज्ञान जपायला ग्रंथालयं कशाला हवीत?

भारतीय पारंपरिक ज्ञान जपण्यात ग्रंथालयांचा वाटा नेमका काय आणि स्कॅनिंगच्या काळात तो उरलाय का, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कौटिल्याचं अर्थशास्त्रच घ्या. बाण आणि दंडी हे जुने संस्कृत लेखक त्याचा उल्लेख करतात, पण खुद्द ग्रंथ अभ्यासकांच्या हाती नव्हता. १९०५ साली तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडितांनी ताडपत्रावरची एक पोथी म्हैसूरच्या सरकारी प्राच्य ग्रंथालयात आणून दिली. लिपी 'ग्रंथ' (दक्षिणेत संस्कृत लिहायला वापरत ती जुनी लिपी), भाषा संस्कृत. तिथले ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांना ती लिपी वाचता येत होती, आणि आपल्या हाती काय आलंय हेही कळलं. १९०९ मध्ये त्यांनी ग्रंथ छापून काढला. म्हणजे पोथी आधीही होतीच की, कुणाच्या तरी घरी शाबूत! पण तिचा पत्ता कुणाला नव्हता. तो लागला, कारण पोथी आणि ती वाचणारा माणूस एका छपराखाली आले.

आमच्या घरी असं झालं नाही. कृष्णाकाठच्या आजोळी माळ्यावर लाल फडक्यात बांधलेली बाडं होती. पणजोबा औषधं द्यायचे. ते गेल्यावर पुढच्या दोन पिढ्यांत मोडी वाचणारं कुणी उरलं नाही. जीर्ण झालेल्या पोथ्या नदीत सोडायची रीत आहे, तशी मामांनी श्रद्धेने, नमस्कार करून ती कृष्णेत सोडली. कोनाड्यात मागे राहिलेली अकरा पानं आईने आणली. पुढे मी मोडी शिकलो तो ती पानं वाचण्यासाठीच. काढ्यांची मापं आहेत, तोळे-मासे लिहिलेत. अकराव्या पानावर एक कृती अर्ध्यात तुटते. बारावं पान नाही.

'हे सगळं तर आजीला तोंडपाठ असतं' असं कुणी म्हणालं की मला हळदीची गोष्ट सांगावीशी वाटते. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. तेव्हाच्या तिथल्या कायद्यात परदेशातल्या तोंडी परंपरेला पुरावा म्हणून किंमत नव्हती, छापील आधार लागत होता. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन संस्थेने संस्कृत, उर्दू, हिंदीतले असे ३२ संदर्भ शोधून मांडले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. हे संदर्भ कुणीतरी लिहून आणि जपून ठेवले होते म्हणूनच ते मिळाले. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. त्याचा पाया मात्र जुने ग्रंथच आहेत.

स्कॅनिंग हवंच, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण एक प्रत ऑनलाइन आली म्हणजे ग्रंथ जपला, असं होत नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ मध्ये हाती घेतली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. त्यासाठी १,२५९ पोथ्या तपासल्या. काश्मीरच्या शारदा लिपीतली प्रत एक सांगते, मल्याळम लिपीतली दुसरं, आणि ती ताडून पाहिल्यावरच जुना पाठ कुठला हे ठरवता येतं. सूची नसेल, लिपी वाचणारा नसेल, तर स्कॅन केलेली फाइलही माळ्यावरच्या बाडासारखीच पडून राहते. मला आज खरी काळजी वाटते ती या वाचणाऱ्यांची. कागद जपायचे उपाय तरी ठाऊक आहेत.

जुने लेखक पोथीच्या शेवटी लिहीत: तैलाद् रक्षेज्जलाद् रक्षेद् रक्षेच्छिथिलबन्धनात्. तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून मला सांभाळा, अशी पोथीचीच विनवणी. तुमच्या घरी असं काही असेल तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका, उन्हात घालू नका. पानांचा क्रम न मोडता प्रत्येक पानाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात दाखवा. आणि नदीत सोडायचं घरात ठरलंच असेल, तर त्याआधी मला एक संदेश टाका. मी येऊन वाचून देईन.