दरोडा आणि खुनाच्या खटल्यात नागपूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, तर ती लगेच होते का?
नाही. उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती फाशी अमलात येतच नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी. प्रकरण नागपूर खंडपीठाकडे जातं आणि किमान दोन न्यायमूर्ती सगळा पुरावा पुन्हा तपासतात: मृत बाईचं मंगळसूत्र कुणाकडे सापडलं, पंचनाम्यावर सह्या कुणाच्या, इथपासून.

पाच किंवा जास्त जण असतील तरच कायद्याने तो दरोडा. मग खून एकाने केला तरी सगळेच फाशीला पात्र ठरू शकतात. म्हणून प्रत्येकाचा वाटा नीट पाहायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बचन सिंग निकालाची ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटीही लागते, म्हणजे फाशी फक्त अगदी अपवादात्मक प्रकरणातच. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, शेवटी राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.